नवी होडी की जुनी? मंदीच्या बाजारातील खरेदी

वरंध हे महाड तालुक्यातील गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड-भोर मार्गावर वसलेले आहे. डोंगरांनी वेढलेल्या या मुलखात होडीच्या खरेदीविक्रीचा विचार प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु येथून घाट चढून भोरकडे निघाले की नीरा-देवघर धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. घाटाच्या खाली काळ, गांधारी व सावित्री या नद्या आहेत. महाडच्या परिसरात काळ आणि गांधारी सावित्रीला मिळतात, आणि तेथून सावित्री खाडीचे रूप घेत बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. जलाशयाचे संथ पाणी, डोंगरी नदीचे वेगवान पाणी आणि खाडीचे भरती-ओहोटीचे खारे पाणी अशी पाण्याची तिन्ही रूपे या छोट्या टापूत एकत्र आली आहेत.

महाडचा जलमार्गाशी असलेला संबंध फार जुना आहे. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरावा आणि महाड-दासगावच्या बंदरांतून गलबतांनी पुढे जावा, असा व्यापार येथे शतकानुशतके चालला. गांधारपाले व कोल येथील बौद्ध लेणी या व्यापारी मार्गाच्या प्राचीनतेची साक्ष देतात. मालवाहतूक रस्त्यावर गेली आणि बंदरे निस्तेज झाली. तथापि होडीची गरज संपली नाही. खाडीकाठच्या गावांतील भोई व कोळी बांधवांचा चरितार्थ आजही होडीवर चालतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्यासोबत प्रवाशांनी भरलेल्या एस. टी. बसगाड्याही गेल्या. त्यानंतर नदीत व खाडीत दिवसेंदिवस शोध घ्यावा लागला तो नौकांनीच. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले, तेव्हाही घराघरांतून माणसे काढण्यास होडीवाचून दुसरे साधन नव्हते.

म्हणून होडीची खरेदी हा येथे हौसेचा विषय नाही. कोणासाठी ती आयुष्यभराच्या बचतीची गुंतवणूक असते, तर एखाद्या गावासाठी ती वर्षातील एकाच रात्री लागणारी, पण त्या रात्री हमखास चाललीच पाहिजे अशी वस्तू असते. बाजार मंद असला की होड्या स्वस्त मिळतात, ही समजूत बरोबर आहे. मात्र स्वस्ताईच्या मोहात खरेदीदार कोठे फसतो आणि मंदीचा खरा लाभ कोणता, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बाजार मंद केव्हा व का होतो?

होडीच्या बाजाराला ऋतुमान असते. पावसाळ्याच्या तोंडावर यांत्रिक नौकांच्या सागरी मासेमारीवर बंदी लागू होते. जून-जुलैमध्ये नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. या काळात मिळकत थांबते. खर्च मात्र थांबत नाही. जाळी, इंजिन व सांगाडा यांची दुरुस्ती समोर उभी असते, मुलांच्या शाळा सुरू होत असतात आणि सोसायटीचे हप्ते भरावयाचे असतात. साहजिकच जुनी होडी विकू पाहणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, अशी स्थिती निर्माण होते. नारळी पौर्णिमा जवळ येऊ लागली की हेच चित्र पालटते. हंगाम हाती लागावा म्हणून प्रत्येकजण घाई करतो आणि भाव चढतात.

मंदीचे दुसरे कारण ऋतूशी निगडित नाही. मासळीची आवक घटली, डिझेल महाग झाले किंवा वाळू उपशावर निर्बंध आले की त्या त्या कामातील होड्या एकदम रिकाम्या होतात. अशा वेळी बाजारात येणारा माल काळजीपूर्वक पारखावा लागतो. वाळू वाहिलेल्या होडीने तिच्या बेताहून अधिक भार वर्षानुवर्षे सोसलेला असतो. तिचा तळ घासलेला आणि आतील फासळ्या ताणलेल्या असण्याचा संभव असतो.

विक्रेता होडी का विकतो आहे, हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारावा. मोठी नौका घेण्यासाठी, वयोमानामुळे किंवा मुले नोकरीनिमित्त मुंबईस गेल्यामुळे होडी विकली जात असेल, तर ती चांगली असण्याचा संभव अधिक. गेल्याच वर्षी घेतलेली होडी पुन्हा विक्रीस आली असेल, तर कारणाचा शोध घ्यावा.

आधी पाणी, मग होडी

किंमत विचारण्यापूर्वी होडी कोणत्या पाण्यात चालवावयाची आहे, हे निश्चित केले पाहिजे. जलाशयातील मासेमारीस सपाट तळाची, हलकी, दोन माणसांना उचलून काठावर घेता येईल अशी होडी सोयीची असते. वाऱ्याने लाटा उठल्या तरी तेथे प्रवाहाचा जोर नसतो. वल्ह्यांवर काम भागते.

खाडीची गोष्ट वेगळी आहे. तेथे उधाणाच्या दिवसांत पाण्याला मोठी ओढ असते आणि भांगाच्या दिवसांत तीच खाडी शांत असते. ओहोटीला होडी चिखलात बसते व भरतीला पुन्हा तरंगते. दिवसातून दोनदा तळाला बसणारा हा ताण सोसण्यासाठी मजबूत पठाण, म्हणजे तळाचा कणा, आवश्यक असतो. खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळे गंजतात आणि लाकूड पोखरणारे किडे तळाला लागतात. जलाशयात दहा वर्षे टिकलेली होडी खाडीत तितकीच टिकेल, असा हिशेब करता येत नाही. उलटपक्षी खाडीची जड होडी घाटावरच्या जलाशयात नेल्यास ती ओढण्यातच श्रम वाया जातात.

पूरप्रवण भागातील होडीला तर आणखी वेगळी परीक्षा द्यावी लागते. महाबळेश्वर व पोलादपूरच्या डोंगरांतून उतरणारे पाणी आणि खाडीतून चढणारी भरती यांची गाठ पडली की महाडच्या परिसरात पाण्याचा निचरा खुंटतो. या पाण्यात झाडे, ओंडके, पत्रे व तारा वाहत येतात. अशा ठिकाणी होडीला वेगापेक्षा स्थैर्य आणि आघात सोसण्याची क्षमता अधिक लागते. ही तीन पाणी ध्यानात ठेवली तर बाजारातील निम्म्याहून अधिक होड्या आपोआप बाद होतात आणि निवड सोपी होते.

जुनी लाकडी होडी पारखताना

नुकताच दिलेला चकचकीत रंग हा विक्रीचा जुना उपाय आहे. रंगाखाली फळीची दशा लपते. त्यामुळे शक्य तर रंग देण्यापूर्वीच होडी पाहावी. रंगविलेली असेल तर पठाणाला लागून असलेली तळफळी, फळ्यांची टोके आणि पावसाचे पाणी साचते ते आतील कोपरे या जागी बारीक टोच्याने हलकेच टोचून पाहावे. निरोगी लाकूड टोच्याला विरोध करते. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. खिळ्यांभोवती काळसर वा तांबूस डाग असतील तर गंजाने खिळ्याची पकड सुटू लागली आहे, असे समजावे. बारीक गोल छिद्रे दिसली तर किड्याने आतून फळी पोखरली असण्याची शक्यता असते. बाहेरून दिसते त्याहून नुकसान मोठे असते.

गळतीच्या परीक्षेत मात्र घाई करू नये. महिना-दोन महिने उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या सुकून आकसतात. तिला पाण्यात लोटताच फटींतून पाणी येते आणि अननुभवी खरेदीदार ती नाकारतो. वस्तुतः पाणी पिऊन फळ्या फुगल्या की अशी गळती पुष्कळशी थांबते. होडी एक दिवस व एक रात्र पाण्यात ठेवावी आणि त्यानंतर आत किती पाणी येते ते मोजावे. फुगल्यानंतरही पाणी येत राहिले तर फटींतील कापूस व राळ काढून नव्याने भरावी लागेल. एकाच जागेतून धार लागत असेल तर फळीच बदलावी लागेल. या दोन खर्चांत मोठे अंतर आहे.

फायबरची होडी

काचतंतू व राळ यांपासून बनविलेल्या, बोलीभाषेत फायबरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होड्यांनी गेल्या काही दशकांत लाकडी होड्यांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. चांगल्या लाकडाची टंचाई व त्याच्या वाढत्या किमती हे याचे एक कारण. किड्यापासून मुक्तता हे दुसरे. परंतु फायबरला मरण नाही, हा समज चुकीचा आहे.

लाकडी मुठीने किंवा नाण्याने होडीच्या अंगावर वीतभर अंतराने ठोकत जावे. खणखणीत आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला तर तेथे आतील थर एकमेकांपासून सुटले आहेत, असे मानावे. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर फोडांसारखे उंचवटे दिसल्यास वरच्या लेपाखाली पाणी झिरपलेले असते. केसासारख्या बारीक चिरा जेथे तेथे विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा लेपापुरत्या असतात. पण एखाद्या बिंदूपासून चांदणीसारख्या पसरलेल्या चिरा आघाताची खूण होय. त्या जागी आतल्या बाजूनेही पाहणी करावी.

इंजिन टांगण्याची मागील फळी ही फायबरच्या होडीतील सर्वांत नाजूक जागा समजावी. पुष्कळ होड्यांत या फळीच्या आत लाकूड असते. बोल्टांच्या छिद्रांतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून हलवावे. इंजिनाबरोबर फळीही लवत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करावा किंवा व्यवहार सोडून द्यावा. होडी तिच्या आकाराच्या मानाने विलक्षण जड वाटली तर आतील फोमने पाणी धरले असण्याचा संशय घ्यावा.

इंजिनाची परीक्षा

जुन्या होडीच्या व्यवहारात इंजिनाचा वाटा मोठा असतो आणि फसगतही येथेच अधिक होते. खरेदीदार येण्यापूर्वी इंजिन सुरू करून तापवून ठेवणे ही सर्वसाधारण युक्ती आहे. म्हणून प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. ते थंड असेल तरच परीक्षा घ्यावी. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते, यावर त्याची प्रकृती कळते. डिझेल इंजिनातून सतत निळसर धूर येणे म्हणजे तेल जळणे. काळा धूर म्हणजे इंधनाचे ज्वलन अपुरे होणे किंवा इंजिनावर अतिभार असणे. सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर जावयास हवा. गेला नाही तर इंधन न जळता बाहेर पडत असावे किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरत असावे. आऊटबोर्ड इंजिनाच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड पडली पाहिजे. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, हे निश्चित.

जागेवर उभे असलेले इंजिन गुळगुळीत चालले म्हणजे परीक्षा झाली असे नाही. नेहमीइतकी माणसे व वजन घेऊन किमान अर्धा तास होडी चालवावी आणि त्यातील काही वेळ ओहोटीच्या धारेविरुद्ध न्यावी. आपल्या ओळखीचा, विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक बरोबर घेण्यास जो खर्च येतो, तो या व्यवहारातील सर्वांत फलदायी खर्च होय.

स्वस्त म्हणजे काय?

होडीची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही. ती दर वर्षामागे काढावी लागते. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक जुनी होडी ८०,००० रुपयांस मिळते. तिच्या दुरुस्तीस ३५,००० रुपये लागतील आणि त्यानंतर ती ६ वर्षे चालेल, असा जाणकारांचा अंदाज आहे. एकूण खर्च १,१५,००० रुपये, म्हणजे दर वर्षी सुमारे १९,१६७ रुपये. तशीच नवी होडी २,००,००० रुपयांस पडते व १५ वर्षे टिकते. तिचा दर वर्षाचा खर्च सुमारे १३,३३३ रुपये होतो. आता मंदीमुळे विक्रेत्याने २०,००० रुपये कमी केले. तरीही जुन्या होडीचा खर्च दर वर्षी सुमारे १५,८३३ रुपयेच राहतो. भाव पडला, तरीही होडी स्वस्त झाली नाही.

याच उदाहरणात त्या जुन्या होडीची दुरुस्ती १०,००० रुपयांत भागणारी असती आणि ती ९ वर्षे चालणारी असती, तर मूळ भावातही तिचा वार्षिक खर्च १०,००० रुपयांवर आला असता. म्हणजेच भावात घासाघीस करून जे साधत नाही, ते योग्य पारख करून साधते. मात्र नव्या होडीसाठी कर्ज काढावे लागत असेल तर त्याचे व्याज नव्या होडीच्या बाजूस मिळवूनच तुलना करावी. ज्याच्याजवळ भांडवल थोडे आहे त्याला सुस्थितीतील जुनी होडी घेऊन दोन हंगाम काढणे आणि मग नवीचा विचार करणे अधिक श्रेयस्कर ठरू शकते.

नवी होडी बनवून घेताना

जुन्या होड्यांची मंदी आणि होडी बांधणाऱ्यांची मंदी एकाच वेळी येत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. पावसाळी बंदीच्या काळात कारागीर दुरुस्तीच्या कामांत गुंतलेले असतात. हंगाम सुरू होऊन नौका पाण्यात गेल्या की त्यांचा हात मोकळा होतो. त्या वेळी दिलेले काम अधिक निगुतीने होण्याची आशा असते.

मागणी नोंदविताना लेखी करार करावा. त्यात लांबी, रुंदी, खोली, तळाची व बाजूंची जाडी, लाकडाची जात किंवा काचतंतूच्या थरांची संख्या, खिळे व बोल्ट कोणत्या धातूचे, तसेच होडी ताब्यात देण्याची तारीख यांचा स्पष्ट उल्लेख असावा. पैसे एकरकमी न देता कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत. फायबरच्या होडीत थर चढत असताना एकदा तरी कारखान्यात जाऊन पाहावे. लेप लागल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. मंदीच्या काळात कारागिराची मजुरी पाडण्याकडे पुष्कळांचा कल असतो. त्याऐवजी त्याच किमतीत तळाला एक थर अधिक, नांगर, दोर किंवा जादा वल्ही मागावीत. कमी केलेली मजुरी अखेर होडीच्या अंगातूनच वसूल होते.

कागदपत्रांची पूर्तता

होडी हाती आली आणि कागद आले नाहीत, तर तो व्यवहार अपुरा समजावा. मासेमारी नौकेच्या बाबतीत नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यात सागरी मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये होते. या अधिनियमात २०२१ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. विक्रेत्याच्या नावे असलेला परवाना होडीबरोबर आपोआप खरेदीदारास मिळतो, असे गृहीत धरू नये. इसार देण्यापूर्वीच मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. अंतर्गत जलमार्गावर इंजिनाने चालणाऱ्या इतर नौकांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ च्या तरतुदी पाहाव्यात. प्रवासी नेण्याचा हेतू असेल तर तपासणी, प्रवासीसंख्येची मर्यादा व विमा या बाबी कटाक्षाने पूर्ण कराव्यात.

होडीवर बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे कर्ज आहे काय, हे तपासणे तितकेच महत्त्वाचे आहे. मंदीत विक्रीस येणाऱ्या अनेक होड्यांमागे थकलेले हप्ते असतात. कर्जफेडीचा दाखला किंवा ना-हरकत प्रमाणपत्र पाहिल्यावाचून रक्कम देऊ नये. इंजिनावरील क्रमांक कागदांतील क्रमांकाशी समक्ष ताडून पाहावा.

पुरासाठी होडी घेणाऱ्या गावांनी

ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा तरुण मंडळ पुरासाठी होडी घेते, तेव्हा वरील नियमांत आणखी काहींची भर पडते. शासकीय निधी खर्च करावयाचा असेल तर विहित खरेदीपद्धतीचा अवलंब करावाच लागतो. देणगीतून किंवा वर्गणीतून जुनी रबरी होडी घेतली जात असेल तर तिच्या निर्मितीचे वर्ष प्रथम पाहावे. रबरी होडी न वापरताही म्हातारी होते. सांध्यांचा गोंद सुटतो, घडीच्या जागी कापड भेगाळते, गोदामातील उंदीर तिला कुरतडतात. पूर्ण हवा भरून ती सावलीत एक दिवस-रात्र ठेवावी. हवा स्पष्टपणे कमी झाली तर गळती कोठे आहे ते साबणाच्या पाण्याने शोधावे. होडीतील हवेचे कप्पे स्वतंत्र आहेत आणि एक फुटला तरी दुसऱ्यावर ती तरंगते, याची खात्री करून घ्यावी.

होडीबरोबर प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, तरंगता दोर, वल्ही, हवेचा पंप, दुरुस्तीचे ठिगळ आणि पंख्याभोवती जाळीचे संरक्षण हे साहित्य अनिवार्य मानावे. मागील वर्षीचे पेट्रोल टाकीत ठेवून यंदा इंजिन चालू होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास इंजिन सुरू करून पाहावे व त्याची नोंद वहीत ठेवावी. होडी कोणाच्या ताब्यात आहे, किल्ली कोठे आहे आणि ती चालविणारी निदान चार माणसे कोणती, हे गावातील सर्वांस ठाऊक असले पाहिजे. होडीपुरता पैसा जमविला आणि प्रशिक्षणाचा विचार केला नाही, असे होता कामा नये. आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना आपत्तीतील मदतकार्याचे शिक्षण दिले जाते. गावातील तरुणांनी त्याचा लाभ घ्यावा.

वरंधसारख्या डोंगराकडच्या गावांनी आणखी एक गोष्ट ओळखावी. २२ जुलै २०२१ रोजीच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. पूर आणि खचलेले रस्ते यांमुळे मदत पोहोचण्यास विलंब झाला. डोंगरकुशीत होडीचा थेट उपयोग नसेल. परंतु खालचा रस्ता पाण्याखाली असताना वर जाणारे पथक, औषधे व दोर पलीकडे नेण्यास ती उपयोगी पडू शकते. म्हणून अशी होडी प्रत्येक गावाने स्वतंत्रपणे घेण्याऐवजी काळ व सावित्रीच्या काठच्या आणि वरच्या गावांनी मिळून घेतली, तर खर्च वाटला जाईल आणि देखभालही नियमित होईल.

मंदीचा बाजार खरेदीदाराला थोडा पैसा वाचवून देतो, हे खरेच. पण त्याहून मोलाची अशी एक गोष्ट तो देतो, ती म्हणजे वेळ. दुसरे गिऱ्हाईक दारात उभे नसते. त्यामुळे होडी दोनदा पाहता येते, एक रात्र पाण्यात ठेवता येते, कागद तपासता येतात आणि जाणत्या नाखव्याचा सल्ला घेता येतो. हा वेळ जो वापरतो त्याला मंदी लाभते. जो केवळ उतरलेला भाव पाहून व्यवहार करतो, त्याचा हिशेब पुढे भर पाण्यात होतो.